आधी त्याचं सांग

चौक गावाची बस डोंगरी सोडून खाली उतरायला लागली की समुद्र दिसायच्या आधी नाकाला कळतो. थंडीच्या दिवसांत तर जास्तच. खिडकीतून पहिल्यांदा वाळता बोंबील आत येतो, मग मीठ, मग कुठल्या तरी होडीचं डिझेल, आणि सगळ्यात शेवटी, वळणावर, तो निळा-करडा पट्टा. बसमधली बाकीची पब्लिक नाकाला रुमाल लावते. मी मात्र छाती भरून घेतो. चार वर्षांनी येतोय म्हटल्यावर जरा जास्तच घेतला. ठसका लागला. शेजारची मावशी बोलली, "पानी पी, बाबा."

एरवी अशा ठसक्यावर मी पाच मिनिटं हसवलं असतं. धंदाच तो आपला. काशीमिऱ्याच्या हॉटेलांच्या हॉलमध्ये हळदी, साखरपुडे, सोसायट्यांची गॅदरिंगं, सगळीकडे माइक धरून आवाज काढतो. ट्रकचा रिव्हर्स हॉर्न काढतो, कुकरच्या तीन शिट्ट्या काढतो, सासूबाईंना व्हॉट्सॲपवर बोलताना काढतो. पण आज भाईंदर स्टेशनपासून चौकपर्यंत तोंडातून चकार शब्द काढला नाही. कंडक्टरलासुद्धा बोट दाखवलं.

त्याला कारण परवाचा फोन. चौकच्या सणाच्या कमिटीतला एक पोरगा. आवाजावरून विशीचा, उत्साह ओतू जाणारा.

"दादा, आपल्या सणाला तुमचा प्रोग्राम ठेवायचाय. कर्नलचा आवाज तर पायजेच हां!"

"बघू," मी बोललो.

"आणि दादा, ते इनास तांडेलचं पण करा ना. ते ब-ब-बोंबील! आमच्या वर्गातली पोरं अजून करतात. म्हातारा दिसला की मागून करतात. सॉलिड हिट आहे तुमचं ते."

फोन ठेवला. आयुष्यात एकच गोष्ट अशी केली जी लोकांनी सहा वर्षं लक्षात ठेवली, आणि ती नेमकी तीच.

तर आज चौकला आलोय ते प्रोग्राम ठरवायला नाही. इनास तांडेलची माफी मागायला आलोय. सहा वर्षं राहिलीय. एवढंच काम आहे. दोन मिनिटांचं. म्हणूनच स्टॉपवर उतरून सरळ त्याच्या घराकडे न जाता डावीकडे वळलो आणि कर्नलच्या बंद घराच्या ओट्यावर येऊन बसलो.

ओट्यावर आता पानांचा थर आहे. खिडक्यांवर आतून वर्तमानपत्रं लावलीत. पायरीच्या कडेला अजून तो पांढरा चुन्याचा पट्टा दिसतो, पार फिकट झालेला. कर्नल असताना तो दर रविवारी नवा व्हायचा. माणूस स्वतः उकिडवा बसून ब्रश मारायचा. ऐंशीला टेकलेला माणूस! मी एकदा ब्रश मागायला गेलो तर बोलला, "तुझी रेघ वाकडी जाईल. तू बोलत बोलत काम करतोस."

मी त्याला अरेतुरे करतोय ते फक्त इथे, लिहिताना. समोर कधी हिंमत झाली नाही. समोर 'सर'. माझा काका तर घरी जेवतानासुद्धा 'साहेब' म्हणायचा आणि म्हणताना पाठ सरळ करायचा. घास हातात, पाठ सरळ. काकू हसून बोलायची, "अहो, ते तिकडे चौकला आहेत. इथे आमटी आहे."

मी तालुक्याच्या गावातून बारावी करून काकाकडे भाईंदरला आलो तेव्हा माझ्याकडे दोनच गोष्टी होत्या, एक पत्र्याची ट्रंक आणि शाळेत सगळ्या मास्तरांचे आवाज काढून कमावलेली बदनामी. काका पालिकेत क्लार्क होता. कर्नल पालिकेत निवडून आला, पुढे शहराच्या सगळ्यात वरच्या खुर्चीत बसला, त्या सगळ्या वर्षांत त्याची पत्रं टाइप करायचं काम काकाचं. रिटायर झाल्यावरसुद्धा काका रविवारी न चुकता चौकला जायचा. मला घेऊन जायला लागला, कारण घरी ठेवलं तर मी शेजाऱ्यांचे आवाज काढायचो आणि शेजारी वर यायचे.

पहिल्या रविवारी मी ओट्याखाली उभा राहून वक्तृत्व स्पर्धेत म्हणतात तसं सुरू केलं, "नमस्कार, माझे नाव..."

"भाषण नको," वरून आवाज आला. "रिपोर्ट."

त्याच्याकडे 'कसा आहेस' नव्हतं. 'ये, बस' नव्हतं. 'रिपोर्ट' होतं. त्यात सगळं आलं, तब्येत, अभ्यास, घरचे, बस वेळेवर होती का. आणि आवाज कसा? खोल. होडीचं इंजिन पहिल्यांदा धरतं ना, दोनदा घुरघुरून, तसा. तो आवाज छातीवर बसायचा. मी तिथेच ठरवलं, हा आवाज आपल्याला पाहिजे. परतीच्या बसमध्ये काढायला लागलो. उत्तन मागे पडेपर्यंत बऱ्यापैकी जमला. काकाने कानाखाली वाजवली आणि मग, दोन मिनिटांनी, खिडकीबाहेर बघत बोलला, "परत काढ."

ते रविवार आता आठवले की आधी वास येतात. पितळेच्या पॉलिशचा वास, कारण त्याचे बिल्ले दर रविवारी ओट्यावर पसरलेले असायचे. कडक स्टार्चचा. आतल्या खोलीतल्या मेणबत्तीचा. आणि स्वयंपाकघरातून तळणाऱ्या फुग्यांचा, ते गोल गोल गोडसर फुगे, जे त्याची बहीण करायची आणि मी मोजायचं सोडून दिलं होतं इतके खायचो. उजव्या हाताने तो बिल्ला घासायचा. डाव्या हाताला तीनच बोटं. उरलेली दोन बर्फात राहिली. कुठल्या बर्फात, कशी, ते त्याने कधी सांगितलं नाही. काका फक्त बोलायचा, "वर." म्हणजे उत्तरेला, म्हणजे डोंगरावर, म्हणजे विचारू नको.

चौकच्या तांडेलाचा मुलगा तो. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. सगळं गाव पिढ्यान् पिढ्या पाण्यात उतरायचं आणि हा एकटा उलट दिशेने वर चढत गेला. आई त्याला पार्सलने सुका बोंबील पाठवायची. काका ही गोष्ट दर वेळी नव्याने सांगायचा. ते पार्सल पंधरा दिवसांनी वर पोचलं की अख्ख्या चौकीला कळायचं. पहिल्या खेपेला सोबतचे जवान नाक दाबून तंबूबाहेर पळाले, बाहेर बर्फ. तिसऱ्या खेपेला तेच जवान पार्सलाची वाट बघत बसलेले. कुणी पंजाबचा, कुणी पार आसामकडचा, सगळे मिळून स्टोव्हवर बोंबलाची चटणी भाजतायत, समोर ढगांच्या खाली दरी. मी ते कधी पाहिलेलं नाही. पण मला ते गॅदरिंगच्या स्टेजपेक्षा स्पष्ट दिसतं.

आणि त्याच चौकीवर तो रोज संध्याकाळी आपल्या माणसांना एक प्रश्न विचारायचा म्हणे. "समोरच्या टेकडीवर बसलाय तो आत्ता काय म्हणत असेल?" शत्रू काय करणार हे नाही विचारायचा. काय म्हणत असेल, हे. प्रत्येकाने सांगायचं. थंडी वाजते म्हणत असेल, बायकोचं पत्र आलं नाही म्हणत असेल, ह्यांच्याकडून कसला घाणेरडा वास येतोय म्हणत असेल.

तोच माणूस कर्नल होऊन गावाला परत आला. पुण्यात फ्लॅट घेतला नाही, कुठे क्लबात बसला नाही. गावाने त्याला उभं केलं तर प्रचाराला चौकपासून काशीमिऱ्यापर्यंत चालत गेला. नाक्यानाक्यावर तेच भाषण, दोन वाक्यांचं. "मी कर्नल. काम सांगा." गॅरेजवाले, ट्रकवाले, भाजीवाले, सगळ्यांना तेवढंच. काशीमिऱ्याला पोचेपर्यंत मागे एवढी माणसं झाली होती की हायवेवरचे ट्रक थांबले. काका म्हणायचा, थांबले म्हणजे हॉर्नसुद्धा न मारता थांबले. भाईंदरमध्ये राहणाऱ्या कुठल्याही माणसाला विचारा हा चमत्कार आहे की नाही.

सभेतली त्याची पद्धत तर शहरात अजून जुनी माणसं सांगतात. मेंबर उठायचे, टेबल बडवायचे, एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे. कर्नल शांत बसून राहायचा. मग ती तीन बोटं टेबलावर एकदा वाजायची.

"आधी त्याचं सांग."

म्हणजे काय, तर तुला तुझं म्हणणं मांडायचंय ना? मांड. पण त्याआधी समोरच्याचं म्हणणं तू मांडायचं. नीट. टोमणा न मारता. समोरच्याने मान डोलवून 'हां, बरोबर' म्हटलं तरच तुझी पाळी. तोपर्यंत तू उभा राहायचं. एक मेंबर म्हणे असाच उभा राहून विरोधकाचं म्हणणं सांगत होता, सांगता सांगता थांबला, डोकं खाजवलं आणि खाली बसला. कर्नलने विचारलं, "आता तुझं?" तो बोलला, "माझं काही राहिलंच नाही, साहेब." सभा हसली. कर्नल नाही हसला. त्याने ते सभेच्या इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं.

खुर्ची सोडली त्या दिवशी तो बसने घरी आला. गाडी परत करून, हातात फायलीऐवजी छत्री. वरच्या मोठ्या निवडणुकीसाठी माणसं येऊन बसली होती ओट्यावर, त्यांना फुगे दिले आणि निरोप दिला. पण कामं काही सुटली नाहीत. भांडणं आपणहून ओट्यावर यायला लागली. डोंगरीचे बांधावरून भांडलेले भाऊ, रिक्षावाले, एका सोसायटीची अख्खी कमिटी, गुजराती सेक्रेटरी आणि मालवणी खजिनदार. तो सगळ्यांना समोरासमोर बसवायचा आणि ती तीन बोटं वाजवायचा. मी पायरीवर बसून हे सगळं बघायचो. खरं सांगू? मी आवाज गोळा करायला बसायचो. एवढे वेगवेगळे गळे एका ठिकाणी फुकट कुठे मिळणार?

त्याला ते माहीत होतं. एका रविवारी बिल्ला घासता घासता बोलला, "माझा काढतोस म्हणे. काढ."

काका पांढराफटक. मी काढला. "रिपोर्ट!" असा काढला की आतून त्याची बहीण "आले, आले" करत बाहेर आली. कर्नलने बिल्ला खाली ठेवला. मग बोलला, "चांगला आहे. उपयोगाला येईल."

हे वाक्य मी आठवडाभर छातीवर लावून फिरलो.

उपयोगाला आला तो सहा वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात. होड्या वर ओढून झाकून ठेवलेल्या, सगळीकडे ओल्या दोराचा आणि ऑइल पेंटचा वास, हातात काम नाही, त्यामुळे भांडायला भरपूर वेळ. इथे समुद्रात खांब रोवून त्याला मोठी जाळी बांधतात. खांबांच्या जागा घराण्यांच्या ठरलेल्या. चौकच्या इनास तांडेलच्या खांबांच्या पुढ्यात, पाणी येतं त्याच बाजूला, शेजारच्या बंदरातल्या रॉकी तांडेलने मागच्या मोसमात नवे खांब ठोकले होते. इनासची जाळी रिकामी यायला लागली. भर समुद्रात होड्या एकमेकींना भिडल्या, इनासच्या पुतण्याचा हात मोडला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या परत पाण्यात जाणार होत्या, आणि दोन्ही बंदरांत उघड बोललं जात होतं की या वेळी नुसत्या मोडक्या हातावर भागणार नाही.

बैठक कर्नलच्या ओट्यावर ठरली. पण अडचण अशी की इनास बोलायचा नाही. इनासची जीभ अडते. पन्नाशी ओलांडलेला, खांद्याने दरवाजा भरणारा माणूस, वादळात होडी आणलेला, पण चार माणसांत पहिला शब्द बाहेर काढताना हनुवटी थरथरते, मान वर जाते, शब्द घशातच झटापट करत राहतो. गंमत म्हणजे चर्चमध्ये गाताना एकदाही अडत नाही. गाताना अख्ख्या चर्चमध्ये त्याचा गळा वरचा.

कर्नलने मला बोलावलं. "तीन दिवस इनासकडे जा. त्याचं सगळं ऐक. बैठकीत त्याचं म्हणणं तू मांडायचं."

तीन दिवस मी इनासबरोबर होडीच्या सावलीत बसलो. तो जाळं विणत बोलायचा. हात चालू असले की जीभ जरा कमी अडायची. आजोबांनी खांब कसे रोवले, पाणी कुठून कसं येतं, पुतण्या हॉस्पिटलात कसा रडला, रॉकी आणि तो लहानपणी एकाच होडीतून शाळा बुडवून कसे पळायचे. एवढं तो आयुष्यात कुणाशी बोलला नसेल. तिसऱ्या दिवशी उठताना त्याने माझा दंड धरला.

"ल... लोकं हसतान, पोरा."

"कोण हसतोय बघतोच मी, अंकल," मी बोललो.

बोललो ना मी असं. ह्या तोंडाने.

बैठकीला अंगण भरलं. दोन्ही बंदरांची पन्नास-साठ माणसं, बायका कुंपणाला. कर्नल खुर्चीत, डोक्यावर ती हिरवी लष्करी टोपी, जी तो चर्च सोडून कुठेही काढायचा नाही. तीन बोटं वाजली.

"रॉकी, आधी त्याचं सांग."

रॉकी उभा राहिला. "कर्नल, तो बोलंल तवा मी सांगन ना? त्याचा एक वाक्य पुरा व्हयापर्यंत भरती येल."

त्याची माणसं फिसकन हसली. कर्नलने माझ्याकडे मान केली. मी पुढे झालो.

आणि देवाशपथ, सुरुवात भारी झाली. इनासचा जाडा, ओला आवाज मी असा लावला की कुंपणाच्या बायका गप्प झाल्या. आजोबांचे खांब सांगितले. एकाच होडीतून शाळा बुडवल्याचं सांगितलं, तेव्हा रॉकीने खाली बघितलं. पुतण्याचा हात सांगितला. अंगण एवढं शांत झालं की झाकलेल्या होड्यांवरचं प्लास्टिक फडफडताना ऐकू यायला लागलं.

आता आमच्या धंद्यात शांतता म्हणजे प्रोग्राम पडला. मला ती सहन झाली नाही. तीन दिवस ज्या हनुवटीकडे बघत होतो ती माझ्या तोंडावर आपोआप आली. मान वर गेली. "ब... ब... ब... बोंबील!"

एक जण हसला. मग अख्खं अंगण. रॉकीची माणसं हसली, बायका हसल्या, इनासची स्वतःची माणसं तोंडावर हात ठेवून हसली. आणि मी? मी थांबलो? मी अजून तीनदा केलं. प्रत्येक वेळी थोडं जास्त लांबवून. हशा असा अंगावर येतो ना, तेव्हा काही दिसत नाही.

दिसलं तेव्हा इनास उठला होता. त्याने खांद्यावरच्या पंच्याची नीट घडी केली, का कुणास ठाऊक, अगदी कोपऱ्याला कोपरा लावून, आणि फाटकाबाहेर चालायला लागला. त्याच्या मागे पुतण्या, त्याच्या मागे चौकची सगळी तरणी पोरं. त्यांचे चेहरे बघून हसणं जागच्या जागी मेलं. सगळ्यांना कळलं की आता काय होणार. बैठक मोडली. होड्या पाण्यात जाणार आणि बोलणं हत्यारांनी होणार.

कर्नल उठला. पायऱ्या उतरला. चपला वरच राहिल्या. ऐंशीचा माणूस चिखलातून अनवाणी चालत फाटकापर्यंत गेला, इनासच्या पाठीमागे थांबला आणि त्याने टोपी काढली.

डोक्याला पूर्ण टक्कल होतं. इतक्या वर्षांत मी पाहिलं नव्हतं. ते डोकं एवढं लहान दिसेल असं वाटलं नव्हतं.

"इनास," तो बोलला. आणि आवाज तो नव्हता. इंजिन नव्हतं. मला पाठ असलेला एकही सूर त्यात नव्हता. "चूक माझी हाय. पोराला मी उभा केला. समद्यांसमोर तुजी माफी मागतू."

गावची बोली. मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. बर्फातून आलेला, शहराच्या खुर्चीत बसलेला, ट्रक थांबवणारा माणूस, चिखलात बोडक्या डोक्याने उभा राहून तांडेलाच्या पोरासारखा बोलत होता. तो छोटा झाला असं नाही वाटलं. उलट मला वाटलं, आत्तापर्यंत मी ज्याचा आवाज काढत होतो तो कुणी दुसराच, खराखुरा हा.

इनास वळला नाही. बराच वेळ वळला नाही. कर्नल हलला नाही. पावसाची सर येऊन गेली, तरी टोपी हातातच.

मग इनास वळला. परत आत आला, अंगणाच्या मधोमध उभा राहिला आणि स्वतः बोलला. अडत, थरथरत, एकेका शब्दाशी झगडत. मी पंधरा मिनिटांत जे सांगितलं असतं त्याला तास लागला. कर्नल पूर्ण तासभर तिथेच उभा, बोडक्या डोक्याने, म्हणून मग कुणीच बसेना. साठ माणसं उभी. त्यानंतर रॉकीने इनासचं म्हणणं सांगितलं, नीट, टोमणा न मारता. एका ठिकाणी चुकला तर इनासने मान हलवली आणि रॉकीने ते परत सांगितलं. शेवटी इनास बोलला, "ह... हां. बरोबर." मग रॉकीला स्वतःचं फारसं काही सांगायचं राहिलं नव्हतं. नवे खांब त्या मोसमात निघाले. निघाले ते आजतागायत परत आले नाहीत.

मला कुणी ओरडलं नाही. काकासुद्धा नाही. माणसं पांगल्यावर कर्नल पाय धुवायला हौदाकडे चालला होता. माझ्याजवळ थांबला.

"माझी मी मागितली," तो बोलला. "तुझी तू."

त्यानंतर मी चौकला जाणं टाळलं. परीक्षा, प्रोग्राम, ताप, कारणं काय, आपल्याकडे प्रत्येक आवाजात तयार. दोन वर्षांनी कर्नल गेला. तेव्हा आलो होतो. तिरंगा, बिगुल, चर्चची घंटा, आणि किनाऱ्याला दोन्ही बंदरांच्या होड्या, निशाणं अर्ध्यावर, इंजिनं बंद ठेवून नुसत्या डुलणाऱ्या. बिगुल थांबला तेव्हा गाण्याला पहिला गळा लागला तो इनासचा. एकही अडखळ नाही. मी गर्दीत काकाच्या मागे उभा होतो. इनासने मला पाहिलं. मी बुटाची लेस बांधायला खाली वाकलो. चप्पल होती पायात.

तर, ओट्यावर बसून पाऊण तास झाला. पानं बऱ्यापैकी बाजूला करून झाली. आता उठायलाच पाहिजे.

इनासचं घर किनाऱ्याला लागून. समोर बांबूंच्या मांडवांवर बोंबील टांगलेले, जबड्यात जबडा अडकवून, हजारोंनी, उन्हात पारदर्शक झालेले. दहा-बारा बायका ते उलटवत होत्या. इनास खाली बसून दोर सोडवत होता. केस पांढरे झालेत. खांदे तेच.

बसमध्ये मी माफी अकरा प्रकारे तयार केली होती. एक विनोदी, एक रडकी, एक अगदी कर्नलच्या धाटणीची. समोर उभा राहिलो आणि एकही आठवेना.

"इनास अंकल."

त्याने वर पाहिलं. ओळखलं. दोर सोडवणं चालू ठेवलं.

"त्या दिवशी... बैठकीत... मी जे केलं. पोरं अजून तुमच्या मागे... ते माझ्यामुळे. सॉरी. म्हणजे, माफी मागायला आलोय."

हात थांबले. हनुवटी थरथरली. मी वाट बघितली.

"क... कर्नलनं," तो बोलला, "स... समद्यांसमोर मागितली."

आणि दोर खाली ठेवून त्याने शिट्टी घातली. मांडवाखालच्या बायका वळल्या. होडीवरची दोन पोरं उतरली. शाळा सुटलेली पाच-सहा कार्टी दप्तरांसकट धावत आली. पुतण्या आतून आला, त्याने मला पाहिलं आणि दाराला टेकून हाताची घडी घातली. एक हात अजून पूर्ण सरळ होत नाही त्याचा.

"काय झाला? कोन हाय ह्यो?" एका बाईने विचारलं.

"अगो, तो आवाजवाला!" दुसरी बोलली. कार्टी खूश झाली. त्यातलं एक मला बघून "ब... ब..." सुरू करणार होतं.

हॉलमध्ये मी पाचशे माणसांसमोर बिनधास्त उभा राहतो. इथे तीसेक असतील. वाळूत चपला रुतलेल्या. मी त्या काढल्या, का ते माहीत नाही, वाळू तापली होती म्हणून तर नक्कीच नाही.

"मी सहा वर्षांपूर्वी इनास अंकलची नक्कल केली," मी बोललो. आवाज फाटला. तसाच बोलत राहिलो. "त्यांनी तीन दिवस विश्वासाने मला सगळं सांगितलं आणि मी त्याचा हशा केला. तुम्ही हसलात ते मी हसवलं म्हणून. सणाला मला बोलावलंय, मी येणार नाही. ते परत कुठेच करणार नाही. अंकल, माझी चूक झाली. माफ करा."

दप्तरवालं कार्टं तोंड उघडं ठेवून उभं. वरून घार गेली, बायकांनी हातातल्या काठ्या उगारून तिला हाकललं आणि परत इकडे पाहिलं.

इनास उठला. माझ्या एवढ्या जवळ आला की त्याच्या हातांचा बोंबील-डिझेलचा वास लागला. मान वर गेली. हनुवटी थरथरायला लागली. "ज..." शब्द घशात अडला. "ज... ज..." मला कळलं होतं कुठला शब्द आहे. सगळ्यांना कळलं होतं. तीस माणसांत एकानेही तो त्याच्या आधी उच्चारला नाही, मीसुद्धा नाही. आम्ही उभे राहिलो, समुद्र मागे आपलं आपलं करत राहिला, आणि त्याला लागायचा तेवढा वेळ लागला.

"जेवलास?"